"किती आहेत?" कॉमिक्सचा संग्रह नीट मोजण्याची आणि दुसऱ्याच्या संग्रहाशी ताडून पाहण्याची पद्धत

दोन कॉमिक्सवाले भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे किती आहेत?" एक सांगतो नऊशे, दुसरा सांगतो चारशे. दोघंही खरंच बोलत असतात, तरी तुलना खोटी ठरते. नऊशेवाल्याने एकाच कथेच्या इंग्रजी, हिंदी आणि मराठी प्रती वेगळ्या धरल्या आहेत, दुहेरी प्रती मोजल्या आहेत आणि मोबाइलमधल्या पीडीएफसुद्धा घेतल्या आहेत. चारशेवाल्याने मुखपृष्ठ गेलेले अंक मोजलेच नाहीत, आणि सहा अंकांचा बांधीव खंड 'एक' म्हणून लिहिला आहे.

मी स्वतः कित्येक वर्षं "साडेसहाशे" सांगत होतो. पहिल्यांदा नीट बसून मोजलं तेव्हा वेगळे अंक निघाले ४१८. एक अमर चित्र कथा मी चार वेळा विकत घेतली होती, आणि जो अंक आपल्याकडे आहे असं छातीठोकपणे सांगायचो त्याचं फक्त मुखपृष्ठ सापडलं. त्या मोजणीनंतरच मला काय शोधायचं आहे ते कळलं. खाली दिलेली रीत त्यातून आणि नंतर इतरांच्या संग्रहांवर बसून तयार झाली आहे. उदाहरणं इंद्रजाल, अमर चित्र कथा, राज कॉमिक्स अशी आपल्याकडची घेतली आहेत, पण अमेरिकी अंक जमवणाऱ्यालाही क्रम हाच लागेल.

## आधी तयारी

पावसाळ्यात हे काम काढू नका. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत, गोव्यात हवेतला ओलावा जुना कागद शोषून घेतो. सगळे अंक बाहेर काढून चार दिवस पसरले तर पानं लहरी होतात आणि बुरशी एका अंकातून दुसऱ्यात जाते. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ उत्तम.

लागणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत: जमिनीवर पसरायला धुतलेली सुती चादर, मऊ ब्रश, सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या, आणि वही किंवा एक्सेल. पेन त्या खोलीतच ठेवू नका. शाईचा एक ओघळ कायमचा राहतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे घालून पातळ पान उलटताना बोटांना कागद जाणवत नाही आणि कोपरा फाटतो, त्यामुळे स्वच्छ हातच बरे. उजेड खिडकीचा असावा, पण ऊन थेट अंकावर पडू देऊ नका.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. नीट नोंद करत गेलं तर सुरुवातीला तासाला पंचवीस-तीस अंकच होतात. पाचशे अंकांचा संग्रह म्हणजे किमान पाच बैठका. एका बैठकीत शंभरावर जाऊ नका, कारण त्यानंतर डोळे थकतात आणि चुका तिथेच होतात.

जपून: गठ्ठ्यांना रबरबँड लावू नका. मधल्या अंकांना तो काही करत नाही, पण वरच्या आणि खालच्या अंकाच्या कडेला खाच पाडतो, आणि उन्हाळ्यात वितळून चिकटला तर मुखपृष्ठाचा रंग घेऊनच निघतो.

## १. सगळं एका जागी आणा, पण वाचायला बसू नका

कपाट, पलंगाखालची पेटी, माळा, गावच्या घरातली ट्रंक, भावाकडे राहिलेला गठ्ठा. सगळं आधी गोळा करा. मित्राला वाचायला दिलेले अंक परत आले नसतील तर वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. ते मोजणीत अजून धरायचे नाहीत.

आणलेला प्रत्येक गठ्ठा चादरीवर ठेवण्याआधी तपासा. मातीच्या बारीक रेघा म्हणजे वाळवी. कडा कुरतडलेल्या आणि मुखपृष्ठाची चकाकी खरवडल्यासारखी दिसली की कसर. काळपट-हिरवे ठिपके आणि कुबट वास म्हणजे बुरशी. असा अंक लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्याची नोंद सगळ्यात शेवटी करा. बुरशी आली असेल तर अंक कोरडा होऊ द्या, मग घराबाहेर मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलंत तर डाग कागदात उतरतो.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो वाचण्यात. वीस वर्षांनी हातात आलेला अंक उघडला की अर्धा तास जातो, हे साहजिकच आहे. त्यासाठी "पुन्हा वाचायचे" असा एक वेगळा गठ्ठा ठेवा आणि पुढे चला.

## २. मोजण्याआधी नियम लिहून काढा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. वहीच्या पहिल्या पानावर तुमचे नियम लिहा. कुठला नियम बरोबर यावर भांडण नको. एकच नियम शेवटपर्यंत पाळणं महत्त्वाचं.

माझे नियम असे आहेत. छापील अंकच मोजायचा. झेरॉक्स, स्कॅन, पीडीएफ शून्य. बांधीव खंडातला प्रत्येक अंक वेगळा मोजायचा, पण नोंदीत 'बांधीव' लिहायचं. प्रकाशकानेच एकत्र काढलेला संच, म्हणजे अमर चित्र कथेचे थ्री-इन-वन, फाइव्ह-इन-वन, हे मात्र एक पुस्तक धरायचं, कारण ते तसंच छापलं गेलं. मुखपृष्ठ नसलेला पण कथा पूर्ण असलेला अंक मोजायचा, 'अपूर्ण' म्हणून. कथेचंच पान गेलं असेल तरीही 'अपूर्ण'. नुसतं मुखपृष्ठ असेल तर मोजायचं नाही.

मग चांदोबाचं काय? त्यात चित्रं भरपूर आहेत, पण चौकटींतून पुढे सरकणारी कथा नाही. म्हणून मी तो कॉमिक्समध्ये धरत नाही, वेगळ्या यादीत ठेवतो. टिंकल कॉमिक्स मासिक म्हणून १९८० मध्ये सुरू झालं, ते मी धरतो. टिंकल डायजेस्टमध्ये आधी छापलेल्या कथाच पुन्हा येतात, म्हणून ते 'पुनर्मुद्रण'. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. लिहून ठेवा म्हणजे झालं.

यातून एक नाही, चार आकडे काढायचे:

- एकूण प्रती: हातात धरता येतील तेवढ्या सगळ्या.
- वेगळे अंक: दुहेरी प्रती वगळून. दोन भाषांतला एकच अंक इथे दोन धरायचा.
- वेगळ्या कथा: भाषा आणि पुनर्मुद्रणं एकत्र करून.
- पूर्ण प्रती: मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सगळी पानं असलेल्या.

तुलनेत मुख्य आकडा दुसरा. जगातही हीच रीत आहे. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॉब ब्रेटॉल यांच्या संग्रहाची गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हाचा १,०१,८२२ हा आकडा वेगवेगळ्या अंकांचा होता. दुहेरी प्रती त्यात धरलेल्या नाहीत. लाखभर अंकांचा माणूस दुहेरी वगळून सांगतो, तर आपणही तसंच सांगावं.

पडताळा: नियमांचं पान घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या आणि ढिगातले कुठलेही दहा अंक मोजायला सांगा. तुमचा आणि त्यांचा आकडा जुळला नाही, तर नियमात पळवाट राहिली आहे.

## ३. ढीग लावण्याचा क्रम

आधी प्रकाशक, मग मालिका, मग भाषा, शेवटी क्रमांक. हा क्रम उलटा केलात, म्हणजे आधी पात्रांप्रमाणे ढीग लावलेत, तर फसाल. इंद्रजालमध्येच वेताळ (इंग्रजीतला फँटम), मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर असे सगळे एकाच क्रमांकमालिकेत येतात. वेताळाचे वेगळे काढलेत की क्रमांकांत सगळीकडे भोकं दिसतात आणि तुम्ही नसलेले अंक शोधत बसता.

ज्यांची ओळख पटत नाही ते 'शंका' नावाच्या ढिगात टाका. तो ढीग पन्नासवर गेला तरी घाबरू नका, पुढच्या पायरीत निम्मा रिकामा होतो.

## ४. अंक ओळखा आणि नोंद करा

खरं काम इथे आहे, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक अंकाची एक ओळ. रकाने इतकेच: प्रकाशक, मालिका, क्रमांक, शीर्षक, भाषा, छापलेली किंमत, साल किंवा सालाचा अंदाज, अवस्था, शेरा. रद्दीवाल्याला दिलेले पैसे लिहायचे असतील तर वेगळ्या पानावर. ते यादीत आले की यादी दाखवायला संकोच वाटतो.

### इंद्रजालचे क्रमांक

इंद्रजाल मुंबईहून बेनेट कोलमनने ('टाइम्स ऑफ इंडिया'ची कंपनी) मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद झालं. सुरुवातीचे क्रमांक सरळ एकापुढे एक आहेत. ४४३ नंतर मात्र पद्धत बदलली आणि अंकावर खंड व अंक असं छापायला लागले, खंड २० अंक १ पासून पुढे. नवशिका संग्राहक 'अंक १२' पाहतो आणि १९६५ चा समजून जपून ठेवतो. खंड लिहिला आहे का ते आधी बघा. नोंदीत '२०/१२' असं लिहा, नुसतं '१२' कधीच नको.

दुसरी चूक त्याहून त्रासाची. १२३ आणि १२४ हे क्रमांक निघालेच नाहीत, त्या वेळी संप होता. हे माहीत नसलेले लोक वर्षानुवर्षं ते दोन अंक शोधतात. कुणी तुम्हाला ते विकायला आलं तर पैसे खिशातच ठेवा.

### अमर चित्र कथेचे क्रमांक

अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेचे पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. 'कृष्ण' हा ११ वा. त्यामुळे 'कृष्ण' हाच पहिला अंक, असं सांगणाऱ्याकडे पहिला अंक नसतो. पुढे पुनर्मुद्रणांना ५०१ पासून नवे क्रमांक दिले गेले आणि तोच 'कृष्ण' ५०१ झाला. म्हणजे ११ आणि ५०१ ही एकच कथा, पण दोन वेगळ्या आवृत्त्या. 'वेगळे अंक' मध्ये दोन, 'वेगळ्या कथा' मध्ये एक.

### साल छापलेलं नसेल तर

बऱ्याच अंकांवर साल सापडत नाही, किंवा फक्त मूळ आवृत्तीचं साल तसंच पुढे छापत राहतात. तेव्हा आतल्या मुखपृष्ठावरची किंवा शेवटच्या पानातळाची बारीक अक्षरं वाचा.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे? मग प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी 'मुंबई-१' अशी लहान खूण असायची. इंग्रजी अंकात 'बॉम्बे' ऐवजी 'मुंबई' छापलं असेल तर १९९५ नंतरची. ही खूण मराठी अंकाला लावू नका, मराठीत ती आधीपासूनच मुंबई. तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) असेल तर साधारण २००७ नंतरची, आणि किमतीपुढे ₹ हे चिन्ह असेल तर २०१० नंतरची.

या खुणा फक्त 'याच्या आधीची नाही' एवढंच सांगतात, ते लक्षात ठेवा. पिनकोड नाही म्हणून प्रत जुनीच असं ठरत नाही. काही छापखाने जुनीच प्लेट वापरत राहिले असतील. म्हणून नोंदीत '१९७२ नंतर' लिहा, '१९७२' लिहू नका.

किमतीवर नवी चिकटपट्टी असेल तर ती उकरून काढू नका. अंक उजेडासमोर धरला की खालची किंमत बहुतेक वेळा दिसते. दोन्ही लिहा.

### राज, डायमंड आणि बाकीचे

राज कॉमिक्सच्या अंकावर प्रकाशनाचा सर्वसाधारण क्रमांक असतो. नागराज, ध्रुव, डोगा यांच्या कथा त्या एकाच मालिकेत विखुरलेल्या आहेत, आणि जास्त पानांचे विशेषांक वेगळे. जुन्या कथा अलीकडे नव्या छपाईत पुन्हा आल्या आहेत. कागद पांढरा आणि गुळगुळीत, रंग भडक, पिन चकचकीत असेल तर आधी नव्या छपाईचा संशय घ्या. डायमंड कॉमिक्सने काढलेल्या, प्राण यांच्या चाचा चौधरीचेही अनेक अंक पुन्हा पुन्हा छापले गेले. तिथे क्रमांकावर विसंबू नका, शीर्षक आणि किंमत दोन्ही नोंदवा.

पडताळा: शंभर नोंदी झाल्या की यादी क्रमांकाने लावा. एकच क्रमांक दोनदा आला तर दोन्ही प्रती काढून शेजारी ठेवा. खरंच दुहेरी आहेत की एकाची भाषा लिहायची राहिली?

## ५. अवस्था ठरवा, पानं मोजून

अमेरिकेत सीजीसी ही संस्था २००० सालापासून दहा गुणांच्या पट्टीवर अंक तपासून प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देते. आपल्याकडचे बहुतेक अंक फिरत्या वाचनालयातून आणि रद्दीतून आलेले, तिथे ९.२ आणि ९.४ मधला फरक काढण्यात काही अर्थ नाही. मी चारच अक्षरं वापरतो. क म्हणजे सगळी पानं, कणा सरळ, लिखाण नाही. ख म्हणजे सगळी पानं, पण वापरलेला: नाव लिहिलेलं, वाचनालयाचा शिक्का, कोपरे दुमडलेले. ग म्हणजे कथा पूर्ण, बाकी काहीतरी गेलेलं: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कापलेलं कूपन. घ म्हणजे कथेचं पान गेलेलं.

अक्षर लिहिण्याआधी पानं मोजा. मुखपृष्ठ पाहून अवस्था ठरवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. पिना मारलेला अंक दुमडलेल्या तावांचा असतो. आतली पानं ३२ असतील तर ताव आठ. मधला ताव पिनांतून निसटला की १५, १६, १७ आणि १८ ही चार पानं एकदम जातात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. तसंच तिसरं-चौथं पान फाटून गेलं असेल तर त्याच तावाचा दुसरा अर्धा भाग, २९-३०, सुटा लोंबत असतो किंवा तोही गेलेला असतो. म्हणून अंक घेताना मी तीन ठिकाणं बघतोच: पहिलं पान, बरोबर मध्य, शेवटचं पान.

बांधीव खंडातला अंक असेल तर पट्टीने उंची मोजा आणि त्याच मालिकेच्या सुट्या अंकाशी ताडा. बाइंडरने तिन्ही बाजू कापल्या असतील तर अर्धा सेंटिमीटर गेलेला असतो, कधी कडेच्या फुग्यातली अक्षरंही. शेऱ्यात 'कापीव' लिहा. आणि तो खंड सोडवून अंक सुटे करू नका. गोंद कण्यात मुरलेला असतो, मुखपृष्ठं फाटतात.

जपून: फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, चिकटा कागदात उतरतो आणि टेप गळून पडली तरी तपकिरी पट्टा राहतो. सुटं पान आहे तसं त्याच जागी ठेवा. गंजलेली पिन ओढून काढण्याची घाईही नको. पानं ठिसूळ असतील तर पिनेभोवतीचा कागदच तुटून येतो.

नोंद झालेला अंक लगेच पिशवीत जाऊ द्या. पॉलिप्रॉपिलिनची पिशवी चालते. फायलींना असते तशी मऊ, वास येणारी पीव्हीसीची पिशवी नको, ती शाईला चिकटते. डांबराच्या गोळ्या अंकांच्या पेटीत टाकू नका, तो वास कागदातून पुढे जातच नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात दोनदा बदला.

## ६. ठळक अंक निवडा

संग्रहातले ठळक अंक सांगा म्हटलं की लोक पन्नास काढून ठेवतात. पन्नास ठळक म्हणजे एकही ठळक नाही. दहा निवडा, आणि प्रत्येकासमोर एका ओळीत कारण लिहा. कारण लिहिता आलं नाही तर तो अंक यादीतून काढा.

चालणारी कारणं कोणती? पात्राचा पहिला अंक. चित्रकार: अमर चित्र कथेच्या 'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकरांची, टिंकलमधला सुपंडीही त्यांच्याच हातचा, पुण्याचे प्रताप मुळीक अमर चित्र कथेतही आहेत आणि पुढे नागराजलाही त्यांनीच रूप दिलं, सुरुवातीच्या इंद्रजालांची मुखपृष्ठं गोविंद यांची. या तिघांचं काम शेजारी मांडून दाखवता येईल असे अंक तुमच्याकडे असतील तर ते हमखास निवडा. मराठी आवृत्ती हेही कारण आहे, कारण इंग्रजी आणि हिंदीच्या मानाने ती रद्दीत खूप कमी हाती लागते. आणि अंकाची स्वतःची हकिगतही कारण असू शकते. माझ्या दहांत एक 'ग' अवस्थेतला इंद्रजाल आहे. आतल्या पानावर निळ्या शाईत एका मुलाने लिहिलंय, "हा अंक परत करणे, नाहीतर कट्टी." मलपृष्ठ नाही, कोपरा उंदराने खाल्लेला, आणि तरी तो मी पहिल्यांदा दाखवतो.

न चालणारी कारणं: "खूप जुना आहे" आणि "ऑनलाइन पाच हजारांना लावलाय". कुणी मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नाही. 'दुर्मिळ' हा शब्दही जपून वापरा. तुम्हाला सापडला नाही म्हणून अंक दुर्मिळ होत नाही. 'पहिली आवृत्ती' तर पत्ता, किंमत आणि क्रमांक तिन्ही जुळल्याशिवाय लिहू नका.

दहाही अंकांचे पाच-पाच फोटो काढा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, प्रकाशकाची बारीक अक्षरं, मधलं पान, कणा. फ्लॅश बंद, शेजारी पट्टी. घराचा पत्ता, कपाटाचं कुलूप, खिडकीबाहेरचा रस्ता फोटोत येऊ देऊ नका.

## ७. आता समोरासमोर

तुलनेचा क्रम असा ठेवा: आधी नियम, मग याद्या, मग ठळक दहा, आणि एकूण आकडा सगळ्यात शेवटी. आकडा आधी बोलला गेला की पुढचा वेळ तो राखण्यात जातो.

एकमेकांचे नियम वाचा. त्याने भाषा एकत्र धरल्या असतील आणि तुम्ही वेगळ्या, तर त्या दिवसापुरता एकच नियम ठरवा. मग सगळा संग्रह नको, एक पट्टा घ्या. समजा, इंग्रजी इंद्रजाल १ ते ४४३. न निघालेले दोन वजा केले की निघालेले अंक ४४१. तुमच्याकडे त्यातले २२० आहेत, म्हणजे जवळजवळ ५० टक्के. समोरच्याकडे एकूण प्रती नऊशे असतील, पण या पट्ट्यातले १५०, म्हणजे ३४ टक्के. या पट्ट्यात तुमचा संग्रह पुढे. राज कॉमिक्स काढलं तर चित्र उलटं होईल, आणि ते दोघांनाही कळायला हवं.

याहून कामाचं गणित पुढे आहे. दोघांकडे असलेले सामाईक अंक मोजा. ते ९० निघाले तर दोघांचे मिळून वेगळे अंक २२० अधिक १५० वजा ९०, म्हणजे २८०. राहिले १६१. हे १६१ क्रमांक एका कागदावर लिहा आणि दोघांनी एकेक प्रत खिशात ठेवा. फोर्टच्या किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर, अप्पा बळवंत चौकात, गावच्या बाजारातल्या रद्दीच्या दुकानात, जो जाईल तो दोघांसाठी बघेल. एका रविवारात हा कागद तयार झाला की तुलनेचं काम पूर्ण झालं असं मी समजतो.

अंक पाहताना चहा दुसऱ्या टेबलावर. ज्याचा अंक, त्यानेच पान उलटायचं. अंक पूर्ण चपटा उघडू नका, काटकोनाएवढा पुरे, नाहीतर पिनांजवळ कागद फाटतो.

अदलाबदल त्याच दिवशी करू नका. उत्साहात दिलेल्या अंकाची आठवण घरी गेल्यावर येते. दुहेरी प्रतींची यादी द्या, त्यांची घ्या, आठवड्याने बोला. देण्याआधी दोघांनी पानं मोजायची आणि अवस्थेचं अक्षर कागदावर लिहायचं. मी एकदा हे न करता एका ओळखीच्या संग्राहकाला 'क' अवस्थेतली प्रत दिली. बदल्यात आलेल्या अंकाचा मधला ताव नव्हता. हे त्यालाही माहीत नसावं, पण ते सिद्ध करायला आमच्याकडे काहीच नव्हतं आणि बोलणं थांबलं. दोन मिनिटांची मोजणी राहिली, त्याची ही किंमत.

पडताळा: उठण्याआधी प्रत्येकाने आपले आणलेले अंक मोजून पिशवीत घालायचे. वीस आणले तर वीस परत.

## ८. यादी चालू ठेवा

नवा अंक आला की त्याच रात्री नोंद. "रविवारी लिहू" म्हटलं की चौथ्या रविवारी दुहेरी खरेदी होते. वाचायला दिलेल्या अंकासमोर नाव आणि तारीख लिहा, परत आला की पानं मोजून खोडा. यादीची एक प्रत मोबाइलमध्ये हवी, कारण रद्दीच्या दुकानात उभं असताना तीच लागते, आणि दुसरी घराबाहेर कुणा विश्वासाच्या माणसाकडे.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक पेटीतले कुठलेही दहा अंक काढून यादीशी ताडा. तीनपेक्षा जास्त ठिकाणी फरक दिसला तर ती पेटी पुन्हा चादरीवर घ्या आणि चौथ्या पायरीपासून सुरू करा.